लाइनवर माणूस असन

कुलर बंद पडला की घरात आधी शांतता पसरते आणि मग उकाडा. नागपूरकरांना हा क्रम पाठ आहे. पंखा जाता जाता चार-सहा फेरे घेतो, वाळ्याच्या ताटीतून पाणी टपटपत राहतं, ओल्या वाळ्याचा वास दोन मिनिटं रेंगाळतो, आणि त्यानंतर भिंतींतली धग अंगाशी येते. त्या दिवशी मे महिन्यातली दुपार होती, दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी मोबाइल उचलला आणि सोलरचं अ‍ॅप उघडलं. जानेवारीत गच्चीवर तीन किलोवॉटचं सोलर बसवलं तेव्हापासून दिवसातून दहा वेळा ते अ‍ॅप बघायची सवयच लागली आहे. पाच मिनिटांपूर्वी तिथे दोन किलोवॉटच्या वर आकडा होता. आता शून्य. डोक्यावर तळपतं ऊन, गच्चीवर सहा पॅनल, आणि घरात साधा पंखा फिरत नाही. सोलर बसवून देणाऱ्या पोराला फोन लावला, तो उचलेना. मग मी जरा मोठ्यानेच म्हणाले, "एवढे पैसे घातले, एवढं ऊन पडून राहिलंय, आणि लाइट गेले की हे पण बंद? मग उपयोग काय याचा?"

बाबा हॉलमध्ये फरशीवर सतरंजी टाकून पडले होते. अंगावर बनियन, छातीवर ओला दुपट्टा. डोळे न उघडताच म्हणाले, "लाइनवर माणूस असन नं, बेटा."

मला तो माणूस सुचलाच नव्हता.

त्यांनी मग सांगितलं, तेही दोनच वाक्यांत. आपलं सोलर घरापुरतं नाही, ते बाहेरच्या लाइनला जोडलेलं आहे. बाहेरचा सप्लाय गेला आणि आपली गच्ची वीज बनवतच राहिली, तर ती वीज मीटरमधून उलटी तारेत जाईल. खांबावर चढलेल्या माणसाने डीपी, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरची पेटी, बंद करून, तार मेली आहे असं धरून हात लावलेला असतो. म्हणून सप्लाय गेला की सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारं यंत्र, स्वतःहून बंद होतो, आणि सप्लाय परत आला तरी काही मिनिटं थांबून, खात्री करून मगच सुरू होतो. बाबांनी सोलरवर आयुष्यात एक दिवस काम केलेलं नाही. इन्व्हर्टरचं माहितीपुस्तक मीच वाचलं होतं, इंग्रजी आणि हिंदी दोन्हीतलं, आणि त्यात हे लिहिलेलंही असणार. पण मी बिल किती येईल ते शोधत होते. शहात्तर की अठ्ठ्याहत्तर हजार, अनुदान नेमकं किती, हे शोधत होते. (तीन किलोवॉटला 78,000 मिळतं, आणि ते खरंच खात्यात जमा झालं.)

नागपूरच्या उत्तरेला औष्णिक वीज केंद्रं आहेत, कोराडी आणि खापरखेडा. त्यांतल्या एकात बाबांनी तीस वर्षं काम केलं, सगळी नोकरी सीएचपीत, म्हणजे जिथे कोळसा येतो, फुटतो आणि पट्ट्यावरून बॉयलरकडे जातो तिथे. आम्ही कॉलनीत राहायचो. लहानपणी मला वाटायचं की राख हा हवेचाच एक भाग असतो. आई वाळत घातलेले कपडे काढताना प्रत्येक कपडा दोनदा झटकायची, एकदा तारेवर आणि एकदा दारात. तुळशीची पानं पुसून घ्यावी लागायची. पहिला पाऊस पडला की पन्हाळीतून काळपट पाणी यायचं, आणि ते वाहून जाईपर्यंत आई आम्हाला अंगणात भिजू द्यायची नाही. बाबा घरी आले की आधी मोरीत जायचे. नाकातून, कानातून, पापण्यांच्या कडांतून काळं निघायचं. लाइफबॉयच्या वडीवर काळ्या रेघा उमटायच्या, आणि त्या वडीला आम्ही दोघी बहिणी हात लावत नसू. आता ते आठवलं की वाईट वाटतं. वडी धुऊन घेतली असती तर स्वच्छच होती.

पण मला सगळ्यांत जास्त आठवते ती त्यांची रात्रपाळी. रात्री साडेदहाला आई डबा भरायची, पोळ्या, बेसन आणि कांदा. सायकलची घंटी वाजवायची नाही असा घरचा नियम होता, कारण शेजारचे काका सकाळच्या पाळीचे. पावसाळ्यात ही पाळी सगळ्यांत वाईट. कोळसा भिजला की त्याचा चिखल होतो, चुटमध्ये, म्हणजे कोळसा खाली सोडणाऱ्या नळकांड्यात, तो चिकटून बसतो, पट्टा रिकामा धावतो आणि वर बंकरमधली, कोळशाच्या टाकीतली, पातळी उतरायला लागते. तेव्हा माणसं सळया घेऊन तो ओला गाळ खाली ढोसत असतात. रात्रभर. एक 660 मेगावॉटचा सेट, म्हणजे वीज बनवणारा एक संच, पूर्ण जोरात चालला तर तासाला साधारण 400 टन कोळसा खातो. मालगाडीची एक अख्खी रेक, जी फाटकात उभं राहून मोजताना आम्ही छपन्न-सत्तावन्नला चुकायचो, ती एका सेटला दहा तासही जेमतेम पुरते. हे हिशेब मला शाळेत कोणी शिकवले नाहीत. बाबा जेवताना बोलायचे. सकाळी सातला ते परत यायचे आणि दिवसभर झोपायचा प्रयत्न करायचे, आणि आम्ही पोरं दिवसभर कुजबुजत खेळायचो. कॉलनीतले लाइट मात्र कधी जायचे नाहीत. त्यामुळे रात्री बटण दाबलं की दिवा लागतो, याचं मला कधी नवल वाटलं नाही. त्याच्यामागे कोणीतरी जागं आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच बहुधा ते कोणी बोलून दाखवत नसे.

नवल वाटायचं ते काटोलकडे मामाच्या गावी गेल्यावर. तिथे लाइट यायचे ते पाहुण्यासारखे. मामाची संत्र्याची बाग, विहिरीवर पाच एचपीची मोटर, आणि तिला लागणारी थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच मिळायची. रात्री बारा-साडेबाराला लाइट आले की मामा कंदील नाहीतर बॅटरी घेऊन, पायात गमबूट घालून बागेत जायचा, आळ्यांना पाणी फिरवायला. मामी दाराशी बसून राहायची. साप, विंचू, रानडुक्कर, आणि जंगलाच्या बाजूच्या गावांत बिबट. एका रात्री मामा आला तेव्हा त्याचा हात थरथरत होता. त्याने नुसतं एवढंच सांगितलं की पाट फोडताना फावड्याला काहीतरी मऊ लागलं. विदर्भात वीज बनते, चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस, आणि विदर्भातलाच शेतकरी पिकाला पाणी द्यायला मध्यरात्री अंधारात जातो, हे त्या वयातही मला कुठेतरी खुपलं होतं. घरी येऊन मी बाबांना विचारलं होतं की तुम्ही रात्रभर जागून वीज बनवता, मग मामाला दिवसा का नाही मिळत? बाबांनी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. दिलं नसेल.

गेल्या वर्षी मामाच्या शेतात सौर पंप बसला. दहा टक्के पैसे त्याने भरले, बाकीचे सरकारने. मी बघायला गेले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मामा, वय वर्षं सत्तर, बांधावर उकिडवा बसून आळ्यात शिरणारं पाणी बघत होता. काही करत नव्हता. नुसता बघत होता. मामी म्हणाली, "आता रात्री घरी झोपते माणूस." मला तिच्या त्या वाक्याशी सौर ऊर्जेबद्दलची कुठलीही जाहिरात तोलता येत नाही. ढग आले की पंप मंदावतो, पावसाळ्यात कुरकुर असते, दुरुस्तीला माणूस यायला चार-चार दिवस लागतात, हे सगळं मामानेच सांगितलं. तरी तो जुनी मोटर परत घेणार नाही.

म्हणून आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर जेव्हा वाद रंगतो, कोळसा की सूर्य, तेव्हा मला कुठल्याच बाजूला नीट बसता येत नाही. एक काका म्हणतात, कोळसा बंद केला तर देश अंधारात जाईल. दुसरे म्हणतात, कोळशाने आपल्या पोरांची फुप्फुसं खाल्ली. दोघंही खरं बोलतात. आणि दोघांच्याही घरी रात्री एसी चालतो. देशाची स्थापित क्षमता, म्हणजे सगळी केंद्रं मिळून जास्तीत जास्त किती वीज बनवू शकतात ते, बघितली तर 2025 च्या जूनमध्येच निम्मी क्षमता कोळसा-तेल-वायूच्या बाहेरची झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये देशाने एका आर्थिक वर्षात 100 कोटी टन कोळसा काढायचा टप्पा ओलांडला, आणि प्रत्यक्षात बनणाऱ्या विजेतला सुमारे तीन चतुर्थांश वाटा तेव्हाही कोळशाचाच होता. दोन्ही बातम्यांवर लोकांनी अभिनंदनाचे फुगे पाठवले. पहिली बातमी दाखवली तेव्हा बाबांनी चष्मा लावून ती वाचली आणि विचारलं, "संध्याकाळी सातचा आकडा दिला आहे का त्यात?" दिलेला नव्हता.

संध्याकाळी सात. नागपुरात उन्हाळ्यात सूर्य मावळतो आणि उकाडा मावळत नाही. 2013 च्या मे महिन्यात इथला पारा 47.9 पर्यंत गेला होता. अशा दिवसांत रात्री दहालाही गच्ची अनवाणी पायाला चटका देते. सगळ्या शहराचे कुलर आणि एसी एकदम ओढत असतात आणि आमचे सहा पॅनल तेव्हा नुसत्या काचा असतात. दुपारची वीज साठवता येते, बॅटरीत येते, डोंगरावर पाणी चढवून ते रात्री खाली सोडून येते, घाटघरला तसं केंद्र 2008 पासून आहे, 250 मेगावॉटचं. पण तेवढ्याने महाराष्ट्राची रात्र भागत नाही. घरापुरती बॅटरी घ्यायचं आम्हीही बघितलं होतं. तिची किंमत ऐकून विषय पुढे ढकलला. तोवर रात्रीची वीज तिकडूनच येते, आणि तिकडे रात्रपाळी आहे.

मला हेही सांगितलं पाहिजे की कोळशाबद्दल माझ्या मनात कसलाही हळवेपणा नाही. बाबांचा खोकला मी वीस वर्षं ऐकते आहे. पहाटे चारला सुरू होतो, साडेचारला थांबतो. 2022 च्या जुलैत कोराडी केंद्राचा खसाळ्यातला राखेचा बंधारा पावसात फुटला आणि ती राख कोलार आणि कन्हान नद्यांत गेली. त्या कन्हानचं पाणी हे शहर पितं. गंधकाचा धूर अडवणारी यंत्रं बसवा, असं केंद्र सरकारने डिसेंबर 2015 मध्ये सांगितलं, दोन वर्षांची मुदत दिली, मग मुदती वाढत गेल्या, आणि 2025 च्या जुलैत देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. दहा वर्षं वाट बघून हाती हे आलं. दरम्यान 2023 च्या मेमध्ये कोराडीला 660 चे आणखी दोन सेट उभारायची जनसुनावणी झाली. लोकांनी विरोध केला, काहींनी पाठिंबाही दिला, कारण तिथे कामं मिळतात. मी तेव्हा विरोध करणाऱ्यांच्या बाजूने होते, आजही आहे. जुने होऊन बंद पडतील त्या सेटांच्या जागी पुन्हा कोळसाच आला तर पुढची तीस-चाळीस वर्षं कोणाच्या तरी घरात तशीच साबणाची वडी असेल.

पण या शहराचं आणि त्या धुराड्यांचं नातं तोडायचं म्हणजे काय, हे विचार करू गेलं की अवघड होत जातं. आपण भांडी घासतो, कपडे धुतो, ते सांडपाणी भांडेवाडीला जातं, तिथे शुद्ध होतं आणि रोज 13 कोटी लिटरच्या हिशेबाने ते कोराडीच्या सेटांना थंड करायला पाठवायची व्यवस्था आहे. म्हणजे आमच्या मोरीतलं पाणीसुद्धा त्या मनोऱ्यांतून वाफ होऊन उडतं. ही योजना चांगलीच आहे, तेवढं पेंच धरणाचं पाणी वाचतं. फक्त मनोऱ्यांवरचा पांढरा ढग बघताना आता तो परका वाटत नाही.

मार्चमध्ये सोलर धुवायला तोच पोरगा आला होता, बसवून देणारा. खापरखेड्याकडचा आहे, आयटीआय केलेला, आधी तिकडे ठेकेदाराकडे वर्षभर कामाला होता. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, खिशात कांदा. सकाळी सहालाच आला, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी टाकायचं नसतं. त्याने मला एक गोष्ट सांगितली जी मी आधी मानायला तयार नव्हते: नागपूरचं ऊन जितकं कडक, तितकं सोलरला बरं असं नसतं. पॅनलला उजेड लागतो, उष्णता नको असते. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला थोडी थोडी वीज घटते, आणि मेच्या दुपारी काच साठ-पासष्टपर्यंत तापते. आमच्या अ‍ॅपवरही मेपेक्षा मार्चचेच आकडे चांगले आहेत. बोलता बोलता त्याने ओला फडका पहिल्या पॅनलवरून ओढला आणि उलटा करून मला दाखवला. धूळ असते ती तांबूस, इकडच्या मातीची. फडक्यावर ती होतीच, पण तिच्यात एक करडा, मऊ, पिठासारखा थर होता. बाबा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. त्यांनी फडका हातात घेतला, चिमटीत तो करडा थर चोळला, तांदळाचं पीठ बारीक झालं की नाही बघतात तसा, आणि म्हणाले, "कोरडी फ्लाय अ‍ॅश." बस. फडका परत दिला. त्या पोराने तो बादलीत पिळला, बादलीतलं पाणी शिशाच्या पेन्सिलीच्या रंगाचं झालं.

त्या दिवशी बाबांनी एक हिशेबही केला होता, वर्तमानपत्राच्या कडेला. आपल्या गच्चीवर दिवसाला बारा युनिट बनतात. एका युनिटला साधारण साडेसहाशे ग्रॅम कोळसा. म्हणजे रोज आठ किलोच्या आसपास. "घमेलंभर," ते म्हणाले. आणि आपल्याकडच्या कोळशात तिसरा हिस्सा तरी राखच असते, म्हणजे अडीच-तीन किलो राख. माझ्या डोळ्यांसमोर ते घमेलं आलं, रोज आमच्या दारात न उतरवलेलं. मला आनंद झाला होता. बाबांना झाला की नाही, कळलं नाही. तीस वर्षं ज्याने ती घमेली वर चढवली त्याला मी हा प्रश्न विचारू शकले नाही.

तो पोरगा त्या दिवशी काम आटपून शेजारच्यांच्या तिसऱ्या मजल्यावर चढला. तिथे अजून कठडा बांधलेला नाही. कमरेला दोरी नव्हती. बाबांनी खालून हाक मारून विचारलं, "बेल्ट कुठं आहे रे तुझा?" तो हसला, "देत नाहीत नं काकाजी." सीएचपीत ठेकेदाराच्या पोरांना मास्क मिळायचे नाहीत तेव्हा बाबांनी साहेबांशी भांडण केलं होतं, ते आईच्या तोंडून ऐकलं होतं. इथे भांडायला समोर कोणी साहेबही नव्हता. विजेचा रंग बदलतो आहे, काळ्याची ती स्वच्छ होते आहे, आणि व्हावीच. पण वर चढणारा पोरगा त्याच गावचा आहे, आणि त्याच्या कमरेला अजून काही बांधलेलं नाही. आमच्या कट्ट्यावर त्याचा विषय एकदाही निघालेला नाही. मीही काढला नव्हता.

तर त्या मेच्या दुपारी. बाबा "लाइनवर माणूस असन" म्हणाले आणि पुन्हा पडून राहिले. मी गच्चीवर गेले, उगाच. पॅनल चकाकत होते, इन्व्हर्टरवरचा दिवा लाल होता. कठड्यावरून वाकून बघितलं तर गल्लीच्या टोकाला, कडुनिंबाच्या पलीकडे, खांबावर खरंच एक माणूस होता. खाली दुसरा, शिडी धरून. वरच्याने डोक्याला ओला टॉवेल बांधला होता आणि तो दाताने टेप तोडत होता. मी तिथे उभी राहून बघत होते तेवढ्या वेळात माझ्या पायाखालची चप्पल तापली.

पावणेचारला लाइट आले. कुलर घरघरला, इन्व्हर्टर मात्र आपल्या नियमाने थांबून राहिला. तोवर बाबा दुपट्टा झटकून बाहेर गेले होते. दोघांना फाटकात थांबवून माठातलं पाणी दिलं. खांबावरच्याने दोन गिलास प्यायले आणि तिसरा डोक्यावर ओतला. बाबा त्याला विचारत होते, जंपर गेला होता की फ्यूज, कोणत्या डीपीवरून बंद केलं होतं, हातमोजे आहेत का. तो उत्तरं देत होता, मोठ्या साहेबाला देतात तशी. मी मागे उभी होते, हातात गुळाचा खडा घेऊन. द्यायचा राहून गेला.

रात्री गच्ची थोडी निवल्यावर बाबा वर येऊन बसतात. अकरा-साडेअकरापर्यंत त्यांना झोप येत नाही, पाळीची सवय. त्या दिवशी मीही वर गेले. त्यांनी एका पॅनलवर तळहात टेकवला होता, अजून कोमट आहे का बघायला. उत्तरेला, कोराडीच्या बाजूला, धुराड्यांवरचे तांबडे दिवे लुकलुकत होते आणि त्यांच्या उजेडात धूर दिसत होता. बाबा बराच वेळ तिकडे बघत राहिले.

"दोन सेट चालू आहेत," ते म्हणाले, आणि कठड्याला धरून झोपायला खाली उतरले.